पासमोरियाची मुळे आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, एनॉक पासमोर, राहणार चेस्टर परगणा, प्रांत पेनसिल्व्हेनिया, धंदा शेती आणि लंडनला बिया व वाळवलेली झाडे पाठवणे, छातीत घरघर असली तरी डोके ठिकाणावर असताना, कोणी भरीस न घालता हे लिहून ठेवतो. आमच्या मित्रसभेत, म्हणजे लोक ज्यांना क्वेकर म्हणतात त्या आमच्या पंथात, शपथ घेत नाहीत, म्हणून हे माझ्या साध्या शब्दावर मानावे. वकिलाकडून लिहून घेतले नाही, कारण दलदलीचे कलम त्याला सांगताना मला लाज वाटली असती. माझी शाळा थोडकी झाली. अक्षर आणि शुद्धलेखन जसे येते तसे आहे.

पहिले. माझा देह साध्या फळ्यांच्या पेटीत सभाघरामागे पुरावा. आमच्या रीतीप्रमाणे वर दगड नको, नाव नको. पेटीसाठी माळ्यावरच्या ओकच्या फळ्या घ्याव्यात. झाडे दाबायच्या फळ्या चुकून घेऊ नयेत.

दुसरे. घर, कोठार, सफरचंदाची बाग आणि वरचे शेत माझा मुलगा अमोस याला. कोठाराची कडी नीट लागत नाही, हे त्याला सांगून मी थकलो. आता कोठार त्याचेच होईल, तेव्हा तरी तो ती बदलेल.

तिसरे. माझी मुलगी डॉर्कस हिला दक्षिणेकडची खोली तिच्या हयातीपर्यंत, तपकिरी गाय, पिसांची गादी, झाडे दाबायच्या फळ्या आणि सगळा जाड कागद. तिचे लग्न झालेले नाही, म्हणून खोलीवरचा हक्क कमी होत नाही. अमोसच्या बायकोने त्या खोलीत लोकरीची पोती ठेवू नयेत. तिने ती मी जिवंत असतानाच ठेवायला सुरुवात केली आहे.

चौथे. शेजारी जेसी हार्लन याने उसना नेलेला माझा कोयता त्याच्याकडेच राहू द्यावा. दर वसंतात तो कुंपणावर रेलून नाक वर करतो आणि म्हणतो, "एनॉक, आज घरीच आहेस वाटतं. वारा तुझ्याकडूनच येतोय." कोयता मागायला जाल तर ते पुन्हा ऐकावे लागेल.

पाचवे. ओढ्याकाठची दलदल. हे कलम मी पुढे ढकलत होतो.

तिथे एक बुटके झाड उगवते, जांभळ्या फुलाचे. डोंगरापर्यंत पायी हिंडलो, पण ते मला दुसरीकडे कुठेही सापडले नाही. तरुणपणी मी त्याची एक फांदी दाबून, वाळवून सायलस ऑटवे याला पाठवली. सायलस लंडनला कापड विकतो. त्याची माझी कधी भेट झाली नाही, तरी जन्मभर मी त्याला झाडे पाठवत आलो आणि तो मला ट्युलिपचे कंद, कागद आणि धीर. त्याने ती फांदी हॉलंडातल्या लायडनच्या एका पंडिताला दिली. नव्या झाडाला ते शोधणाऱ्याचे नाव द्यायची पंडितांत चाल आहे. त्यामुळे एका लॅटिन पुस्तकात, मला न वाचता येणाऱ्या पानावर, ते झाड 'पासमोरिया' झाले.

वाळलेले फूल देखणे दिसते आणि त्याला कसलाच वास नसतो. जिवंत फुलाला मेलेल्या उंदराचा वास येतो. पंडिताने ते जिवंत पाहिलेच नव्हते. त्याने मान म्हणूनच नाव दिले, माझी तक्रार नाही.

पण नाव पुस्तकात आल्याचे कळताच सभेतल्या वडीलधाऱ्या प्रिसिला जॉबसन माझ्या दारात आल्या. आम्ही लहानथोर सगळे एकमेकांना 'तू' म्हणतो, तशाच त्या बोलल्या.

"एनॉक, पुस्तकात आलास म्हणे. सुखावलास?"

"थोडासा."

"मग ते फुललं की जरा त्याच्याजवळ जाऊन बस. डोक्यात चढलेलं उतरेल."

मी खरेच जाऊन बसलो. उतरले नाही. लाज वाटली ती मात्र दुप्पट. एक वासाची, आणि एक तरीही सुखावत असल्याची.

सायलसला फूल जिवंत पाहायचे होते, म्हणून मी एकदा फुललेलेच झाड मातीसकट पेटीत घालून जहाजावर दिले. परत आल्यावर कप्तान लॉइड मला धक्क्यावर भेटले.

"काय हो पासमोर, पेटीत कोणाचं प्रेत होतं का? माझी माणसं जेवेनात. टाकली समुद्रात. लंडनला सांगितलं, लाट आली."

मी कप्तानांवर रागवायला हवे होते. मला हायसे वाटले, आणि त्याचीही लाज वाटली. सायलसने समुद्राला बोल लावणारे लांबलचक पत्र लिहिले. शेवटी विचारले होते, 'त्याला गंध कसा असतो रे?' मी त्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली, ते एक सोडून.

आता तो लिहितो की डोळे अंधुक झाले आहेत. 'मुळे पाठव. फुलेल तेव्हा दिसले नाही, तरी वास तरी घेईन.'

आणि इकडे अमोसला दलदलीत चर खणून पाणी काढायचे आहे. काल रात्रीच्या जेवणाला मी कलम वाचून दाखवले. त्यात लिहिले होते, 'दलदल कधीही आटवू नये.'

अमोसने चमचा खाली ठेवला. "बाबा, गेल्या साली तिथे गाय रुतून मेली. गवत लावलं तर हिवाळ्याला चारा होईल. तुला गाय मोठी की नाव मोठं?"

तो बरोबर होता.

डॉर्कस म्हणाली, "मग मुळं तरी सायलसकडे जाऊ देत. आता पानं झडलीत. झोपलेल्या मुळांना वास नसतो, कप्तानालाही कळायचं नाही."

"आणि वसंतात? त्याच्या बागेत? चार शहाणी माणसं बोलावून बसला असेल तो."

"मग चार शहाणी माणसं नाक धरतील."

"माझ्या नावानं!"

"बाबा, इतकी वर्षं तो तुझं शुद्धलेखन सोसतोय. वासाचं काय घेऊन बसलास?"

अमोस हसला. बऱ्याच दिवसांनी दोघे एकाच गोष्टीला हसले. मग मीही.

म्हणून वरचे वाक्य मी स्वतः खोडले आहे. खाडाखोड माझीच आहे, कोणी शंका घेऊ नये. आता कलम असे: दलदल अमोसला. त्याने ती खुशाल आटवावी. पण डॉर्कस सगळी मुळे काढून घेईपर्यंत तिथे फावडे लावू नये. तिने मुळे ओल्या शेवाळात गुंडाळून, बैलाच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून, पहिल्या जहाजाने सायलस ऑटवे याला पाठवावीत. थोडी मुळे तिला हवी असल्यास तिच्या खिडकीखाली लावावीत. अमोसच्या बायकोने नाक मुरडले तर मुरडू द्यावे.

सहावे. लॅटिन पुस्तक सभेच्या शाळेला. ते पान फाडू नये, असे लिहिणार होतो. नाही लिहीत. त्यांना वाटेल तसे करावे.

सातवे. मुळांच्या पिशवीत पुढील चिठ्ठी जशीच्या तशी घालावी. डॉर्कसने शुद्धलेखन सुधारू नये, नाहीतर ती माझी आहे हे त्याला पटणार नाही. त्याचे डोळे अधू आहेत, म्हणून अक्षर मोठे काढले आहे:

'सायलस, तू गंध विचारला होतास. मेलेल्या उंदरासारखा. घरापासून लांब लाव, आणि तरी एकदा जवळ जा. तो मीच आहे. एनॉक.'

मु. ब्रँडीवाइन ओढ्याकाठी, दहाव्या महिन्याचा अठरावा दिवस, सन १७६४.

(सही) एनॉक पासमोर

साक्षीदार, ज्यांच्यासमोर हे सगळे मोठ्याने वाचले आणि सही केली:

(सही) टोबायस गॅरेट, सुतार

(सही) प्रिसिला जॉबसन. फुलले की मलाही त्याच्याजवळ बसायचे आहे. डॉर्कसने एक मूळ सभाघरामागे लावावे. दगडाला आमची मनाई आहे, झाडाला नाही.