धूसर उघडणारं दुकान

६ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. इकडे सगळे बरे. बाबांचा खोकला गेला, आईने खिडकीतल्या कुंड्या पुन्हा हलवल्या.

आपल्या चष्म्याच्या दुकानासाठी तू केलेली वेबसाइट काल नीट बसून पाहिली. उघडताच संगीत सुरू. ते बंद करायचं बटण शोधतेय तोवर एक चौकट आडवी आली, आमच्या बातम्या हव्यात का म्हणून. चष्म्याच्या दुकानाच्या कसल्या रे बातम्या? चौकट घालवायची फुली मुंगीएवढी, तीही अक्षरांसारखीच पांढऱ्यावर फिकट करडी. दाबायला गेले तर पान सरकलं आणि बोट नेमकं होकारावर पडलं. मग कोपऱ्यातून एक बाहुली उगवली आणि मदत हवी का विचारू लागली. तिला दुकानाची वेळ विचारली, तर तिने मला पुन्हा पहिल्या पानावर नेऊन सोडलं. वेळ शेवटपर्यंत सापडली नाही. दुकान मी स्वतः उघडते, म्हणून निभावलं.

आणि ते धुकं. पान आधी धूसर दिसणार आणि बोट फिरवू तिथेच स्वच्छ होणार, ही करामत तुला कोणी सुचवली? चष्म्याच्या डबीवर तूच साइटचा पत्ता छापून घेतलास, की काचांची निगा कशी राखावी ते इथे वाचा. लोक घरी जातात, नवा चष्मा चढवतात, पत्ता उघडतात आणि समोर सगळं धूसर. मग नंबर चुकला म्हणून परत येतात. शेजारच्या शिंपीणबाईंनी काल माझ्यासमोर फोन उघडला, तेव्हा कुठे मला हे कळलं.

लिहिताना स्वतःला विचारलं, बाबा तुझं कौतुक येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात म्हणून मला झोंबतंय का. थोडं झोंबतं. पण म्हणून ती फुली मोठी होत नाही.

लोभ आहेच, तो टिकवायचा असेल तर आधी ते संगीत बंद कर.
तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो, मग हसू गेलं. धुकं ही त्या साइटची जान आहे. चष्मा लावला की जग कसं स्वच्छ होतं, ते बघणाऱ्याला बोटाने अनुभवता येतं. ऑफिसात सगळ्यांनी मान डोलावली. करड्या अक्षरांना आमच्याकडे संयम म्हणतात, तुमच्याकडे काय म्हणतात ते कळलं. तुमच्या गिऱ्हाइकांना फोन नीट वापरता येत नसेल तर त्यांना शिकवा. त्यात माझा काय दोष?

दुसरं असं, की पुढच्या महिन्यात मोठे साहेब माझी कामं बघून बढतीचं ठरवणार आहेत. तोवर मी साइटला हात लावणार नाही. तू उगाच राईचा पर्वत करू नकोस.

बाबांना आणि आईला नमस्कार. रागावलीस तरी पत्र धाड.
तुझा बारक्या

२१ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पर्वत पाहायचाय ना, तर पाहा. बाबांनी डोळे तपासणं बंद केलं.

धुक्याचं त्यांना काही ठाऊक नाही. तू त्यांना साइट दाखवलीस ती तुझ्या भारी कॉम्प्युटरवर. तिथे ते पापणी लवेपर्यंत विरतं, लोकांच्या फोनवर मुक्काम ठोकतं. परत आलेल्या प्रत्येकाला बाबा खुर्चीवर बसवतात, काचा बदलून बदलून पाहतात. नंबर बरोबरच निघतो. गिऱ्हाईक म्हणतं, इथे दिसतं हो, घरी दिसत नाही. काल त्यांनी तक्त्यामागचा दिवा मालवला आणि मला म्हणाले, की आता माझा भरवसा धरू नकोस, तपासायला कोणी तरुण माणूस बघ. जेवताना हात उताणा धरून बघत होते, थरथरतो का ते.

मी एका वाक्यात त्यांना सोडवू शकते. तोंड उघडलंही होतं. पण तुझं नाव घेताना मला आनंद होईल अशी भीती वाटली, आणि तसल्या आनंदाने बोललेलं खरं मला नको. म्हणून तू सांग. आठ दिवस वाट बघेन, मग आनंद झाला तरी बोलेन.

एवढं करशील या भरवशावर,
ताई

२९ मार्च

चि. बारक्यास,
अ. आ.

तुझं पत्र पोचलं. वाचून ताईच्या फोनवर तुझं धुकं पाहिलं. खिडकी पुसावी तसं बोट घासत बसलो. जन्मभर लोकांना दिसावं म्हणून दुकान मांडलं, आणि तू दारातच त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीस. वर फिकट अक्षरांना संयम म्हणतोस, असं ताई सांगते.

साहेबांना दाखवायची तर खुशाल दाखव, आमच्या दुकानाचं नाव काढून. आम्हाला एक साधं पान पुरे: पत्ता, वेळ, फोन. अक्षरं काळी.

तपासणीची खोली आजपासून उघडली. शिंपीणबाईंना बोलावून सांगितलं, की बाई, चष्मा बरोबर आहे, मुलगा चुकला. त्या हसल्या. मी हसलो नाही. इतके दिवस मी स्वतःला म्हातारा समजत होतो, ते इतक्या लवकर पुसलं जात नाही.

मात्र पत्र चांगलं लिहिलंस. काही आडवं आलं नाही, काही हललं नाही, आणि चूक कुणाची ते पहिल्याच ओळीत सापडलं.

तुझे,
बाबा