शेगडीवर पोळी होती, सिस्टर

सिस्टर, तुमच्या शाळेतून फोन आला होता. यंदाच्या नाताळ अंकात तुमच्यावर चार पानं काढायची आहेत, आणि मी गावोगाव भाषणं करते म्हणून सुरुवात माझ्या आठवणीनं व्हावी असं त्यांचं म्हणणं. "कुछ अच्छा-सा लिख दीजिए मैडमजी, सिस्टर तो संत थीं," फोनवरची मुलगी म्हणाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तिनं तुम्हाला पाहिलेलंही नसणार. मी लगेच हो म्हटलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हा नियम करणाऱ्यांच्या दारात तुम्ही कधी गाणी म्हणत आला नव्हतात.

कापडगिरणी बंद पडली ते वर्ष. आमच्या चाळीतले पुरुष भरदुपारी ओट्यावर दिसू लागले होते. बाबा बसले नाहीत. आठवड्याभरात इंदूरच्या सियागंज बाजारात एका किराणा व्यापाऱ्याकडे माल उतरवून घ्यायच्या कामाला लागले. संध्याकाळी शिंकत शिंकत जेवायचे आणि म्हणायचे, "आधी नाकात कापूस, आता मिरची. नाकाला काही सुट्टी नाही." आजोबा महूच्या फौजेतले. कुणापुढे हात पसरायचा नाही, हे आमच्या घरात बाराखडीच्या आधी शिकवत.

डिसेंबरात तुमचं पत्रक निघायचं, गुलाबी कागदावर, शाळेच्या परिवाराच्या बातम्यांचं. कोणत्या सिस्टरची बदली झाली, नाताळच्या गोठ्याच्या सजावटीत कोणता वर्ग पहिला आला. त्या वर्षी त्यात तुम्ही लिहिलंत, 'हमारी एक बेटी के पिता मिल बंद होने से बेकार हैं, उस घर में कई दिन चूल्हा नहीं जलता.' नाव नव्हतं. पण गिरणीच्या चाळींतून तुमच्या शाळेत जाणारी मी एकटीच होते. पत्रक हातोहात फिरत नळावर पोचलं. शेजारचे काका बाबांना म्हणाले, "क्या भिया, चूल पेटत नाही म्हणे? बोलायचं ना, पोहे पाठवले असते!" सगळे हसले. बाबाही हसले. ते हसणं मी विसरलेले नाही.

आणि मग चोवीस तारखेला दुपारी तुम्ही येता. सोबत माझ्याच वर्गातल्या मुली, एक गिटार, काठीला बांधलेली कागदी चांदणी. तुमच्याकडची रीतच होती ती, प्रत्येक वर्गानं एक खोका भरायचा आणि गाणी म्हणत गरिबाच्या दारी न्यायचा. आमच्या वर्गाच्या खोक्यात मीही एक साबणाची वडी टाकली होती. तो कुठे जाणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गाणं संपतं. आत आई पोळ्या करतेय, शेगडी धगधगतेय, तव्यावरची पोळी टम्म फुगलीय. तुम्ही वाकून पाहता आणि मुलींना सांगता, "देखो, आज इनके यहाँ चूल्हा जला है. प्रभु की कृपा." बाबा हात पुसत पुढे येतात. "सिस्टरजी, हमारा चूल्हा रोज जलता है." किती हळू बोलले ते. गिरणीच्या फाटकावर त्यांची घोषणा शेवटच्या रांगेपर्यंत जायची. तुम्ही हसलात. "अभिमान पाप है, भाईसाहब. ले लीजिए. बच्ची का सोचिए." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले.

पुढे मी गिरणीमालकांना झोडपलं, मंत्र्यांना झोडपलं. गिरणीच्या जमिनींवर दुकानं उठली तेव्हा भर चौकात उभी राहून बोलले. पण 'दया' हा शब्द आला की समोर तुमचा चेहरा यायचा आणि माझा आवाज चढायचा. विस्तव तुमच्या डोळ्यांसमोर होता, पोळी समोर होती, घरचा धनी सांगत होता, तरी तुम्ही आपल्या छापील कागदावरच विश्वास ठेवलात. हेच मला तुमच्या अंकात छापून आणायचं होतं, केक आणि चांदण्यांच्या चित्रांच्या मधोमध. तुमच्या तसबिरीवरचा हार माझ्या हातानं उतरवायचा होता.

बाबा नंतर कधी शाळेची पायरी चढले नाहीत. माझ्या बक्षीस समारंभाला आई एकटी आली. त्या चोवीस तारखेला, तुम्ही गेल्यावर, त्यांनी खोक्याला हातही न लावता विचारलं होतं, "त्यांना हे कुणी सांगितलं गं?" मी म्हटलं, "सिस्टरनं मनानंच लिहिलं." ते जाईपर्यंत तुम्हाला खोटारडी म्हणत राहिले.

इथे माझा हात अडलाय. त्या वर्षी दिवाळीच्या आधी वक्तृत्व स्पर्धा झाली होती, विषय 'बंद मिल', परीक्षक तुम्ही. माझं भाषण रंगत नव्हतं, मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली होती. मी आवाज खाली आणला आणि म्हटलं, "मेरे घर में कई दिन चूल्हा नहीं जलता." पाठ केलेल्या भाषणात हे नव्हतं. घरात असा एकही दिवस आला नव्हता. मागच्या बाकांवरच्या माना वर झाल्या, तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत आणि मला पहिला नंबर दिलात.

म्हणून मी तुम्हाला माफ करते असं समजू नका. बाबांचं तुम्ही ऐकलं नाहीत, ते ऐकायला हवं होतं. पण फोनवरच्या त्या मुलीला मी कळवणार आहे की वेळ झाला नाही, आणि हे कागद इथेच राहतील. त्या दुपारनंतर बाबा वीस वर्षं जगले. तेवढ्या वर्षांत मी सगळ्या इंदूरशी बोलले, सिस्टर. त्यांना तेवढं एक सांगायला मला तोंड उघडता आलं नाही.