अच्युतच्या साइटचं कुलूप

११ नोव्हेंबर

परागचा फोन. इथल्या मराठी मंडळाचा सचिव झाल्यापासून फोनवरही भाषणच करतो. आपली वधू-वर साइट उघडली की वर 'सुरक्षित नाही' असं येतं म्हणे, आणि मुलींचे बाप घाबरतात. "काका, महिनाअखेर ताला लावून टाका, नाही तं बंद करू. व्हॉट्सॲप ग्रुप है ना!"

बंद! माझ्या मित्राने, अच्युतने, नोकरी सांभाळून, सुट्ट्या घालवून उभी केलेली साइट. तो गेला आणि ती माझ्या गळ्यात पडली. तक्रार नाही. माझी शारदा गेल्यापासून मलाही दिवस घालवायला काहीतरी लागतंच.

१२ नोव्हेंबर

वाचून काढलं. सध्या कोणी साइटवर माहिती भरली की ती पोस्टकार्डासारखी उघडी जाते. पगार, आजार, घटस्फोट, सगळं – वाटेत कोणीही वाचावं. साइटला सुरक्षेचं प्रमाणपत्र बसवलं की बंद पाकीट. फुकट मिळतं. पण त्यासाठी साइट जिथे ठेवली आहे त्या होस्टिंगच्या खात्यात शिरायला हवं. मी आजवर फक्त आलेल्या नोंदी मंजूर करत आलो, त्या खात्याशी कधी संबंध आला नाही. त्याचा ओटीपी जातो अच्युतच्या मोबाइलवर. कुसुमवहिनी तो अजून चार्ज करून ठेवतात.

म्हणजे तात्यापाऱ्याला त्यांच्या घरी जावं लागणार. 'जावं लागणार' असं लिहितोय, पण इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आहे.

१४ नोव्हेंबर

गेलो. चहा झाला, पोहे झाले. ओटीपी आला. वहिनींनी चष्मा लावून वाचला आणि फोन पदराखाली ठेवला.

"नाही सांगत."

वहिनी, मी दिवाकर, म्हटलं.

"मले दिसून राहिलं नं. पण ह्यायनं सांगून ठेवलं हाये, ओटीपी कोणालेच सांगाचा नाही. बँकवाला असो का देव असो."

त्यांची निधी आतून ओरडली, "काका, मम्मी नहीं देगी. मुझे भी नहीं देती."

हसत निघालो. घरी पोचेपर्यंत हसू संपलं होतं. अच्युत जाऊन दोन वर्षं झाली, पण त्या घरात अजून त्याचाच शब्द चालतो.

१५ नोव्हेंबर

तेलीबांध्याला तळ्याभोवती एक फेरी. बाकावर बसलो तर एकाने शेजारची जागा विचारलीसुद्धा नाही, सरळ पिशवी ठेवली.

१९ नोव्हेंबर

पुन्हा तात्यापारा. या वेळी ओटीपी मागितलाच नाही. लॅपटॉप वहिनींपुढे सरकवला – तुम्हीच टाका. त्यांनी एकेक आकडा दाबला, मला दिसू नये म्हणून डावा हात आडवा धरून. शिरलो आत! प्रमाणपत्र बसेपर्यंत त्या शेजारीच बसून होत्या.

"लागला ताला?"

हव, लागला.

"मंग आता कोणी काही लिहिलं तं मधात कोणी वाचत नाही?"

मधात कोणी नाही. लिहिणारा आणि साइट पाहणारा, बस.

"म्हणजे तुमी."

म्हणजे मी.

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "तुमी आहा म्हणून बरं हाये, भाऊजी." निघताना डबाभर चिवडा दिला. डबा परत द्यायला जावं लागेल.

२० नोव्हेंबर

सकाळी पाहतो तर अजून 'सुरक्षित नाही'. जुने फोटो जुन्याच पत्त्यावरून उघडत होते. एकेक करून सगळे बदलले. पाठ मोडली. संध्याकाळी ती अक्षरं गेली. परागला कळवलं, तर "बढ़िया" म्हणाला आणि फोन ठेवला.

आता लिहूनच टाकतो, इथे कोण वाचतंय. मला वहिनी आवडतात. अच्युत होता तेव्हा असं काही मनात नव्हतं, हे खरं. आता आहे. या वयात शोभतं की नाही, माहीत नाही. पण एकटं जेवायचा मनस्वी कंटाळा आला आहे, आणि त्यांच्याकडे चहा पिताना तो कंटाळा नसतो. रविवारी डबा द्यायला जाईन तेव्हा बोलेन. "तुमी आहा म्हणून बरं" असं उगाच कोणी म्हणत नाही.

चिवडा मुद्दाम संपवत नाहीये.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी शर्ट घालून सहज साइट उघडली. पुनर्विवाह विभागात एक नोंद मंजुरीसाठी आलेली. कुलूप लागल्यानंतरची पहिलीच.

कुसुम अच्युत खापरे. वय सत्तावन्न. तात्यापारा. अपेक्षा – निर्व्यसनी असावा. गाव कोणतंही चालेल. ह्यांच्या ओळखीतला नको.

मंजूर केलं. चिवडा दुसऱ्या भांड्यात काढला आणि डबा घासून ठेवला.