इब्रामपूरच्या झऱ्यावरचा बोर्ड

मी, सेजल जयराम परब, राहणार इब्रामपूर, तालुका पेडणे, गोवा, हे लिहिताना पूर्ण शुद्धीवर आहे, कुणी धमकावलेलं नाही. आई जनेलातून डोकावून गेली, तेवढीच काय ती जबरदस्ती. पुढच्या सोमवारी माझ्या पाठीच्या कण्याजवळची गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, आणि लगेच एक कागद सहीला पुढे केला. म्हणून हा दुसरा कागद. डिचोलीच्या वकीलबाई म्हणाल्या, गोव्यात मृत्युपत्र नोटरीसमोर करावं लागतं आणि त्यात आईबापांचा अर्धा वाटा कायद्यानेच धरलेला असतो. उरलेल्या अर्ध्याचं मी ठरवायचं, ते नोटरीकडे न्यायला इथे लिहिते. माझं उरलेलं अर्धं म्हणजे बहुतेक वायरीच आहेत.

कलम पहिलं. पोस्टातली शिल्लक आईला, पद्मावती जयराम परब हिला. माझ्या लग्नाला लागेल म्हणून ती आता राखून ठेवायची गरज नाही. मिक्सर घ्यावा.

कलम दुसरं. स्कूटर बाबुराव काकांच्या देवेशला. पुढचा ब्रेक लागत नाही, पाय टेकायची तयारी ठेवावी. याच स्कूटरवरून मी पॉलिटेक्निक अर्धं सोडून आले, मुरगावला गोदीत नोंदी करायला गेले, तिथून फोंड्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. कुठेच वर्ष भरलं नाही. फोंड्याला टिकले असते, पण दुकानवाला म्हणाला, "गो, तू उघडतंस बरा, पण परत बंद करूक इसरतंस." खोटं नव्हतं. आतलं दिसलं की माझं काम संपायचं. असो, विषय स्कूटरचा होता.

कलम तिसरं. माझ्याकडे तळहाताएवढे तीन कॉम्प्युटर आहेत, त्यांना मी बोर्ड म्हणते. त्यांतल्या चिपा सगळ्यांकडे असतात तशा नाहीत. त्या रिस्क-फाइव्ह नावाच्या वेगळ्या घडणीच्या आहेत. देवेश अजून विचारतो, "चालता तो घे ना! सगळ्यांचो चालता, तुझोच कित्या रडता?" तर कारण हे, की या घडणीचे नियम कुणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मोकळं रान दिसल्यासारखं वाटलं होतं. नियम मोकळे होतेच. पण बोर्डावरचं वायफाय, पडद्यावरचं चित्र, यांचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारे प्रोग्राम, बनवणाऱ्यांनी झाकून ठेवले. त्यांच्या पानावर 'लवकरच' असं लिहिलेलं होतं. पुढे ते पानच उघडेना. कुठल्याशा थंड देशातला एक माणूस इंटरनेटवरच्या फोरमवर तात्पुरते ड्रायव्हर जुळवून द्यायचा, त्यालाही बाळ झालं आणि तो दिसेनासा झाला. त्याला दोष नाही. बाकी जो प्रोग्राम हवा तो स्वतः त्या चिपेसाठी बांधायचा, सकाळी लावायचा, दुपारी जेवून येऊन बघायचं की कुठे अडकलाय. तरुणपण असंच गेलं, आणि मी अजून तरुणच आहे म्हणतात.

ज्याचा पडदा कधीच उजळला नाही तो बोर्ड देवेशला, आठवण म्हणून. दुसरा फोंड्याच्या दुकानाला, सुटे भाग काढायला. सोल्डरिंग आयर्नही तिकडेच.

कलम चौथं. फोरमवर ज्यांनी मला "आधी शोधून बघ" एवढंच उत्तर दिलं, त्यांना काहीही नाही. मी शोधूनच आले होते.

कलम पाचवं. तिसरा बोर्ड झऱ्यावरच्या खोपीत आहे. त्याची हकिकत सांगितल्याशिवाय तो देता येत नाही.

आमच्या झऱ्याच्या टाकीतून दोन नळ निघतात, एक बाबांच्या वायंगणाला आणि एक काकांच्या. वायंगण म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, ते सगळं या पाण्यावर. पाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ एकमेकांवर फावडी घेऊन धावले, ते मी लहानपणापासून बघितलं. म्हणून मी नळांना विजेच्या झडपा लावल्या आणि उघडझाप बोर्डाकडे दिली. हिरवा दिवा लागला की बाबांचं पाणी, तांबडा लागला की काकांचं. यंत्र कुणाचंच नातेवाईक नाही, हे दोघांनाही पटलं. भांडण थांबलं. ते आपापल्या बांधावरून दिवा बघायचे आणि घरी जायचे.

मग लाइट गेली की बोर्डाचं घड्याळ मागे पडायला लागलं. बाबा म्हणाले, काकांकडे जास्त जातं. काका म्हणाले, यंत्र भावाच्या पोरीचं. घड्याळाचा इलाज नव्या कर्नेलमध्ये, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत होता, पण तो चढवावा की नाही यावर दोघांचं एकमत होईना. शेवटी देवळात कौल लावला. बाबांनी कौल लावणाऱ्या घाड्याला सांगितलं, विचार, नवीन घातलं तर पाणी दोघांना सारखं मिळेल काय. उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. मी चढवलं. घड्याळ बरोबर झालं, पण नव्या कर्नेलने झडपांच्या वायरी जोडलेल्या पिनांचे आकडे बदलले होते आणि एकही झडप हलेना. पाणी सारखंच मिळालं. दोघांनाही नाही.

बोर्ड सुधारेपर्यंत मी झडपा काढून हाताचे नळ बसवले. आता स्वतःचा नळ स्वतः उघडला तर दुसरा म्हणणार, जास्त सोडलं. म्हणून बाबा काकांचा नळ उघडायचे आणि काका बाबांचा. मी खोपीत कीबोर्ड बडवत बसलेली, बाहेरचं ऐकू यायचं.

"पुरे झाला?" बाबा.

"खयचा पुरे! वयल्या कोपऱ्याक अजून पोचूक नाय."

"उंदरांनी बांध पोखरलो आसतलो."

"मगे हयसरून कित्या सांगतंस? ये नि बघ."

बाबा गेले. त्या बांधावर त्यांनी पाय ठेवलेला मी कधी बघितला नव्हता. येताना काकांनी दिलेलं अळू हातात होतं.

मग पिनांचे आकडे मला सापडले. मी झडपा परत लावल्या, दिवे लागले. दोघे पुन्हा आपापल्या बांधावरून दिवा बघून घरी जायला लागले. आई म्हणाली, "बरा झाला गो, तुझा यंत्र चालू झाला." कुठे न टिकणारी मी, या बोर्डासाठी गावात राहिले, आणि तो चालता ठेवून काय राखत होते ते मला तेव्हा दिसलं.

कलम सहावं. (खोडलं आहे.) माझ्या पश्चात बोर्डाची वीज काढावी व दोन्ही नळ हाताने चालवावेत.

खोडण्याचं कारण. हे वकीलबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मृत्युपत्र तुमच्या मागे लागू होतं, आधी नाही."

"आणि मी वाचले तर?"

"तर बोर्ड चालू राहणार. तुम्हीच चालवणार."

हे ऐकून मला गाठीपेक्षा जास्त थकवा आला. आज सकाळी खोपीत जाऊन मीच वायर काढली, झडपा काढल्या, हाताचे नळ बसवले. दोघे आपापल्या बांधावर आलेच.

"बंद पडला काय गो?" काकांनी विचारलं.

"बंद केला."

"चालू कधी करतलंस?"

मी बाबांच्या नळाची चावी काकांच्या हातात दिली, काकांची बाबांच्या, आणि खाली बसले, कारण पाठ उभं राहू देत नव्हती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. पण टाकीकडे दोघेही चालत गेले.

कलम सातवं आणि शेवटचं. हे मात्र मी जिवंत असतानाच लागू धरावं, कायदा काहीही म्हणो. तिसरा बोर्ड आईने घेऊन लपवावा. मी बरी होऊन घरी आले तर तो कुठे आहे हे मला सांगू नये. कितीही मागितला तरी. मी दुरुस्त करीन.

सही: सेजल जयराम परब

कलम सहावं आमच्यासमोर खोडलं, बाकी मजकूर सेजलने स्वतः वाचून दाखवला आणि आमच्यादेखत सही केली. आम्हांला यातलं काही मिळायचं नाही.

साक्षीदार १: गोकुळदास रामचंद्र नाईक
साक्षीदार २: सुमन गोकुळदास नाईक

इब्रामपूर, पेडणे
१८ फेब्रुवारी २०२५