मळकट हिरवा

मास्तर, आज सकाळी मी शाळेचा राजीनामा दिला. आयुष्यात दुसऱ्यांदा नोकरी सोडते आहे. पहिली सोडली ती तुमची. तेव्हा तुम्ही महिनाभर माझ्याशी बोलला नव्हतात, आणि आज मुख्याध्यापक इतकं गोड बोलले की मला तुमचा तो अबोलाच आठवत राहिला. घरी येऊन भाजी चिरायला घेतली, अर्ध्यात ठेवली. वाळत घातलेले कपडे काढायला गेले तर ते अजून ओलेच. नवरा म्हणाला, "एका जागी बस तरी." बसले ती ही वही घेऊन.

इथे, गुजराती मुलखात, पलसाण्याच्या त्या डाईंग मिलमध्ये आले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. रसायनशास्त्राची पदवी होती, वडील लिंबायतला लूमवर होते, आणि मिलच्या लॅबमध्ये खुर्चीवर बसून काम करणारी आमच्या घरातली मी पहिलीच. मिलमध्ये रंग जुळवणाऱ्या माणसाला मास्तर म्हणतात हे मला माहीत होतं, पण तो माणूस खरंच शिकवतो हे माहीत नव्हतं. पार्टी, म्हणजे कापड रंगवून घेणारा व्यापारी, हाताएवढा कापडाचा तुकडा पाठवायची, आपण छोट्या भांड्यात तोच रंग बनवून द्यायचा, आणि तो जुळला की खाली मोठ्या मशीनमध्ये हजारो मीटर कापड त्याच मापानं रंगायचं. पहिल्या दिवशी तुम्ही मला दोन तुकडे दिलेत आणि फरक विचारलात. मी म्हणाले, सारखेच आहेत. तुम्ही मला हाताला धरून दारात नेलंत. बाहेरच्या उजेडात एक तुकडा तांबूस निघाला. "दिव्याखाली समदं सारखं दिसस पोरी," तुम्ही म्हणालात. "बाहेर आनानं, मंग बोलानं." तुम्ही धुळ्याकडचे, आम्हीही तिकडचेच. पण माझी आई मला सांगायची, कामाच्या जागी अहिराणी बोलू नको, लोक हसतात. तुम्ही मालकाशीसुद्धा तसेच बोलायचात आणि कुणी हसत नव्हतं. दुपारी लॅबच्या दारात बसून आपण डबे सोडतो, तुमच्या डब्यात कळण्याची भाकर आणि ठेचा, आणि तुम्ही जेवता जेवता समोरून जाणाऱ्या बायकांच्या साड्यांचे रंग मला विचारता. माझा घास हातातच राहतो.

त्या हिरव्या लॉटची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. पार्टीचा नमुना मळकट हिरवा होता, शेवाळ वाळल्यावर दिसतं तसा. मला तो बघवेना. तुम्ही दोन दिवस रजेवर होता. मी त्यातला तपकिरी जरासा कमी केला, पिवळा वाढवला, आणि रंग असा खुलून आला की खालचे ऑपरेटरही वा म्हणाले. पार्टीनं अख्खा लॉट परत पाठवला. तुम्ही आल्याबरोबर त्यातला कापडाचा एक ताका उलगडलात, दारात नेलात, बराच वेळ बघत राहिलात. मला वाटलं ओरडाल. तुम्ही हळू आवाजात विचारलंत, "तुले कोनी सांगं चांगला कराले?" मी म्हणाले, आधीचा फार उदास होता. "ह्या साड्या खेड्यामधल्या म्हाताऱ्या बायका नेसतीन," तुम्ही म्हणालात. "त्यास्ले उठून दिसानं नही शे. तुले आवडस म्हनीसन त्यास्नी काब्रं नेसानं?" त्या सगळ्या कापडाला शेवटी काळा मारावा लागला. मालकाला तुम्ही सांगितलंत की चूक तुमची होती. मी तिथेच उभी होते आणि गप्प राहिले.

सात वर्षं तुमच्या हाताखाली काढली. त्यातली शेवटची दोन मी रविवारची वाट बघत काढली हे तुम्हाला कळलं असणारच. कडोदऱ्याला कामगारांच्या खोल्या होत्या, तिथे रविवारी मी पोरांना गोळा करून वाचायला शिकवायचे. आठवडाभर लॅबमध्ये बसले की पाय हलत राहायचे. रविवारी हलत नसत. शिक्षिकेच्या कोर्सला नंबर लागला तेव्हा मी तुम्हाला सांगायला आले, आणि तुम्ही हातातली काचेची नळी खाली न ठेवताच म्हणालात, "डोळा तयार कराले सात वरीस लागनात. आते तो लिसन पाढा म्हनशी?" मग महिनाभर काही नाही. कामाचं असेल ते दुसऱ्याच्या तोंडून. मला राग यायचा, आणि राग आला की मी आणखी मन लावून काम करायचे, जाता जाता तुम्हाला चूक सापडू नये म्हणून.

शेवटच्या दिवशी तुम्ही एक गाठोडं दिलंत. घरी जाऊन सोडलं तर आत शे-दीडशे कापडाचे तुकडे, कडा कातरलेले, प्रत्येकाच्या पाठीमागे कागदाची चिठ्ठी आणि तिच्यावर तुमच्या पेन्सिलीनं रंगाचं नाव. मिलमधले नंबर नाहीत, तुमची नावं. ओल्या विटेचा. डाळीवरच्या पाण्याचा. आजारी वांग्याचा. दमलेल्या निळ्याचा. मी ते वाचत बसले आणि आईनं विचारलं, कुणी मेलं का काय, रडतेस कशाला?

ते गाठोडं माझ्याबरोबर मराठी शाळेत आलं. तुम्हाला शाळा आवडली असती मास्तर, गोंगाट मिलइतकाच. कुणाचे आईबाप नंदुरबारचे, कुणाचे बुलढाण्याचे, कुणाचे लातूरकडचे. घरी एक भाषा, पुस्तकात दुसरी, गल्लीत गुजराती आणि भांडताना हिंदी. मी पहिलीच्या वर्गात ते तुकडे पसरायचे आणि म्हणायचे, नावं ठेवा. पोरांनी तुमच्यावर ताण केली. पुरानंतरच्या भिंतीचा. बसच्या धुराचा. आजोबांच्या नखाचा. मला तेव्हा वाटायचं की मी फार चांगली शिक्षिका आहे.

मग चौथीतली ती मुलगी आली. आंतरशालेय निबंध स्पर्धा होती, विषय 'माझी आई'. तिनं अर्धं पान लिहिलं होतं आणि सगळं अहिराणीत. मला ते अजून बरंचसं पाठ आहे. मनी माय साडीले टिक्क्या लावस. तिना बोटले गोंद ऱ्हास. मना केसले तेल लावस तवय बोट चिकटस, केस वढास, मी रडस, ती हसस. एवढंच. मी तिला शेजारी बसवलं, लाल पेन घेतलं आणि दोन तासांत त्याचं दीड पान केलं. माझी आई वात्सल्याची मूर्ती आहे, ती पहाटे उठते, ती मला सुसंस्कार देते. मुलगी मान डोलवत होती. तिनं ते पाठ केलं, सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि पहिला नंबर आला. बक्षीस समारंभात तिनं ते माईकवर म्हणून दाखवलं. आई पहिल्या रांगेत बसली होती, घरातली चांगली साडी नेसून. टाळ्या झाल्या. नंतर ती माझ्याजवळ आली. इथे शिक्षिकेला बेन म्हणतात, तशी तीही म्हणाली, "बेन, बठ्ठं चांगलं शे." मग म्हणाली, "पन हाई मी नही शे." तक्रार नव्हती तिच्या आवाजात. दुसऱ्या कुणाचं पार्सल घरी आल्यावर सांगावं तसं तिनं सांगितलं.

इथे मला तुमची आठवण आली असं लिहिलं तर छान वाटेल, पण ते खरं नाही. मी घरी गेले आणि त्या बाईला शिक्षणाचं महत्त्व कळत नाही असं नवऱ्याला सांगितलं. तुमचा तो हिरवा लॉट मला महिना-दोन महिन्यांनी आठवला, वह्या तपासताना. त्या मुलीनं 'माझा पावसाळा' या विषयावर एकच ओळ लिहिली होती. पावसाळा निसर्गाचे वरदान आहे. मी वही मिटली आणि मला वर्गात बसवेना.

मी तिचं आधीचं पान शोधलं. ते मीच फाडून टाकलं होतं. तिला विचारलं तर म्हणाली, "आठवत नाही बेन." मग जे मला आठवत होतं ते मी लिहिलं, गोष्टीसारखं, गोंदाच्या बोटांची आई आणि तेल लावून घेणारी मुलगी, आणि शनिवारी वर्गात वाचून दाखवलं. मध्येच ती मुलगी उठून उभी राहिली. "अशी नही बेन. ती पह्यले हसस. मंग मी रडस. ती हसस म्हनीसन मी रडस." अख्खा वर्ग हसला, आणि मी तिच्या हातात खडू दिला. ती फळ्याशी जाऊन सांगत सांगत लिहीत गेली, मी वहीत उतरवत गेले, मधूनच बाकीचे ओरडून दुरुस्त्या सुचवत होते. घंटा झाल्याचं कुणाला कळलं नाही. मी मुलांसाठी लिहायला लागले ती त्या शनिवारपासून. दोन वर्षांत पुस्तक झालं, लहानसं, चित्रांचं, पोरांच्या बोलीतलं. त्या मुलीच्या आईला पहिली प्रत नेऊन दिली तेव्हा ती साडीवर चमकत्या टिक्क्या चिकटवत होती. तिनं हात पुसले, चित्र बघितलं, मुलीकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "आते शे." मला मिळालेलं ते सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक आहे आणि ते कुठे लावता येत नाही.

आता मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका छोट्या संस्थेनं मला पूर्ण वेळ बोलावलं आहे. वस्त्यांमध्ये जायचं, मुलांबरोबर लिहायचं, छापायचं. पन्नाशी आली आहे. आमच्या शाळेत वर्ग कमी होत चालले आहेत, मराठीतून शिकायला घालणारे कमी होत आहेत, आणि अशा वेळी मी निघते आहे. एका सहकारी बाईंनी विचारलंच, "तुम्हीच गेलात तर राहिलेल्या पोरांनी काय करायचं?" मी काहीतरी मोठं उत्तर दिलं. खरं उत्तर मला माहीत नाही. चौथीच्या वर्गाला अजून सांगितलेलं नाही. तीन महिने आहेत, तोवर सांगता येईल, असं रोज म्हणेन आणि शेवटच्या आठवड्यात सांगेन, मला ठाऊक आहे. लिहिता लिहिता दोनदा उठून पाणी पिऊन आले. तहान नव्हती.

मास्तर, मुळात जे लिहायचं होतं ते राहिलंच आहे. पुस्तक आलं त्या वर्षी तुमच्या सुनेचा फोन आला होता. म्हणाली, बाबांनी अंथरूण धरलं आहे, तुमचं पुस्तक आलं असं त्यांना कुणीतरी सांगितलं, घेऊन या, मी वाचून दाखवीन. तुमचं उधन्याचं घर माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर. मी येते म्हणाले. दोन महिने येते म्हणत राहिले, आणि मग तिचा दुसरा फोन आला, तुम्ही गेल्याचा.

मला वेळ नव्हता असं मी तिला सांगितलं. वेळ होता. त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लेखिकेची ओळख आहे. रंगांकडे बघायला कुणी शिकवलं असं प्रकाशकांनी मला विचारलं होतं आणि मी लिहून दिलं होतं, माझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी. मुलांच्या पुस्तकात मिलमधला माणूस कसा वाटेल, असं मला वाटलं होतं. मी लहानपणी शिकले त्या शाळेत चित्रकलेच्या बाई कधी नव्हत्याच. सून ते पान तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवेल आणि तुम्ही ऐकाल, म्हणून मी आले नाही.