तापसांचा फराळ

१० फेब्रुवारी १९३४, शनिवार

गेले! अप्पा नको-नको म्हणत होते, तरी त्यांच्या मागं मागं गेलेच. स्टेशन रोडवरचं नवं हॉटेल. मालक कायतान – गोव्याचा, चौदा वर्षं बोटीवर आचारी, त्यातली पाच स्पेनात, कादिझ बंदरात. (कादिझ! अ‍ॅटलासमध्ये बोट ठेवून ठेवून मी तिथला कागद मळवलाय.) जागेचं भाडेपत्र अप्पांनी करून दिलं, म्हणून बोलावणं. पाटीवर इंग्रजी अक्षरात 'स्पॅनिश', खाली आपल्या अक्षरात 'तापस'.

बशा केवढ्याशा – भातुकलीतल्या! एकीत तळलेले बदाम. एकीत बटाटे, लाल तिखट माखून. एकीत हिरवी खारट फळं. ऑलिव्ह! पहिलं खाल्लं – शी! दुसरं खाल्लं. मग बशीच संपवली. अप्पांनी बदाम खाल्ले, मोजून दोन.

तापस म्हणजे काय विचारलं. कायतान म्हणाला, "तापा म्हणजे धांपण, बाय. झाकण. पेल्यात माशी पडू नये म्हणून तिथं वर बशी ठेवतात. मग बशी रिकामी कशाला? त्यावर थोडं खायला."

झाकणावरचं जेवण! भूगोलाच्या पुस्तकात हे का नसतं?

१३ फेब्रुवारी

आत्याला सांगितलं. सगळं नाही.

अंबूआत्या अप्पांची थोरली बहीण. अकराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून एक वेळ जेवते. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. जन्मात हॉटेलची पायरी चढलेली नाही. पण 'तापस' ऐकलं आणि म्हणते कशी, "तापसी लोकांचं खाणं! म्हणजे फराळाचंच असणार. साबुदाणा असतो का ग?"

तिथंच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "साबुदाणा नाही. बटाटे असतात. बदाम."

खोटं कुठं आहे यात?

ती मग हळूच – "आणि आपण बसायचं? दुसरं कुणी वाढणार?"

आता नेल्याशिवाय राहायची नाही मी!

१९ फेब्रुवारी

आत्यानं आज तिसऱ्यांदा विचारलं – तिथं पाट असतो की खुर्ची?

२४ फेब्रुवारी, एकादशी

सगळं लिहूनच ठेवते.

अप्पांना सांगितलं, दुर्गदबैलच्या बाजारात कापड बघायला जातो. टांगा सरळ स्टेशन रोडला. कायतानला मी आधीच बजावलं होतं – मांस नको, मासा नको, दारूचा वास नको, भांडी नवीन. बिचाऱ्यानं आतली खोली धुऊन ठेवली होती, सगळ्या बशा कोऱ्या आणल्या होत्या. गळ्यातला क्रूस सदऱ्याच्या आत.

आत्या खुर्चीच्या अगदी कडेला बसली, पाखरासारखी. पदर डोक्यावर घट्ट. ऑलिव्हची बशी आली मात्र – "अग, आवळे! आज आवळ्याची एकादशी, आणि यानं बरोब्बर आवळे वाढले!" कपाळाला लावून तोंडात टाकलं. तोंड असं केलं! मी हसून हसून मेले. "खारात फार दिवस राहिलेत," म्हणाली. पण सहा खाल्ले. बटाट्याला "तिखट बेताचं आहे." बदाम संपले. कायतान पुन्हा वाढायला आला तर इथल्या कानडीत "साकु, साकु" – पुरे, पुरे – म्हणत हात आडवा – पण बोटं फाकवून!

मग कायतान खुशीत येऊन न सांगितलेली एक बशी घेऊन आला. जाड, पिवळं, वर खरपूस. आत्या म्हणाली, "बटाट्याचं थालीपीठ! सुगरण आहे हो हा." दोन तुकडे खाल्ले. मग मी एक तोंडात टाकला.

अंडं.

माझा घास तोंडात तसाच, आणि तिची बशी साफ. कायतानला वाटलं होतं मांस-मासा नको म्हणजे अंडं चालतं. चूक माझीच. मीच म्हटलं नव्हतं.

आत्या मागं हात धुवायला गेली. फार वेळ लागला.

२५ फेब्रुवारी

मागे लग्नाच्या पंगतीत तिच्या पोटात चुकून कांदा गेला होता. कळलं तेव्हा तीन दिवस नुसत्या पाण्यावर राहिली. चौथ्या दिवशी तुळशीपाशी पडली. आणि हे तर अंडं! तेही एकादशीला! सांगितलं तर उपास करून करून मरेल. नाही सांगितलं तर मी मरेन.

तिनं नेहमीसारखं पारणं केलं. मला तूप जास्त वाढलं.

२ मार्च

काही कळत नाही. आत्या गुणगुणते आहे! मोलकरीण सखूबाई म्हणाली, "अंबूताईंचा चेहरा कसा उजळलाय बघा." मला रडूच आलं. आत्यानं विचारलं काय झालं. म्हटलं, पोटात दुखतंय. ओव्याचं पाणी दिलं. तेही गुपचूप प्यायले.

आज सहज विचारते – "तापस म्हणजे खरं काय ग?" मी चाचरत म्हटलं, झाकण. "झाकण होय!" म्हणाली आणि दळायला बसली.

९ मार्च

ठरलं. उद्या सांगायचं. पाय धरायचे आणि सांगायचं. तिनं उपास धरला तर मीही धरणार, पाणीसुद्धा न घेता. अप्पांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

१० मार्च, दशमी

पाय धरले. तोंड उघडणार तेवढ्यात तिनंच मला उठवलं. धुतलेलं लुगडं नेसून तयार. "टांगा सांग. अप्पाला म्हण, कापड पसंत पडलं नव्हतं."

"आत्या, आधी ऐक ना माझं –"

"परत आल्यावर. आजच जाऊन येऊ. उद्या एकादशी – ते थालीपीठ चालायचं नाही. टरफलं पाहिलीत मी तिथल्या मोरीपाशी, हात धुताना." आणि माझ्या तोंडावर हात ठेवून – "झाकण!"