महाराणीचा माज

१२ फेब्रुवारी

गव्हाणीच्या तळाशी पांढरी पूड तशीच! महाराणीने पेंड चाटूनपुसून खाल्ली आणि खनिज मिश्रण तेवढं शिल्लक ठेवलं – मुलं भाजीतली मिरची बाजूला सारतात तसं.

डेअरीतलं व्याख्यान ऐकून मीच डबा आणला. गाईला फॉस्फरस, जस्त, तांबं कमी पडलं की ती माजावर येत नाही, आली तरी गाभण न राहता उलटते. आमच्या बाईंचं हेच झालंय. ऑक्टोबरात गुरांच्या डॉक्टरांनी कृत्रिम रेतन केलं आणि काही आठवड्यांनी ती शेजारच्या काळीवर चढताना मी स्वतः पाहिली. म्हणजे उलटली, पुन्हा माजावर! नेमके डॉक्टर रजेवर, वेळ हुकली. तेव्हापासून माजाचं नाव नाही.

सासूबाई म्हणाल्या, "या घरात गाय सोडून सगळ्यांना माज आहे." आणि माझ्याकडे बघितलं!

१३ फेब्रुवारी

पूड ओल्या पेंडीत कालवली. फस्त! लबाड.

२१ फेब्रुवारी

दूध आटत चाललंय. हे म्हणतात, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर व्यापाऱ्याला देऊन टाकू. "नुसती पोसायची किती?" चूक नाही त्यांचं. पण हिची आई मेल्यावर, वासरू असताना हिला बाटलीने दूध मी पाजलंय. हे कारण म्हणून सांगता येतं का? नाही. म्हणून सांगितलं नाही.

धाकटी जाऊ दोन्ही वेळा गोठ्यात डोकावते. "काय वहिनी, आज तरी काही इशारा?" मी तिला समजावलं – मुका माजही असतो, गाय हंबरत नाही, काही दाखवत नाही. तर म्हणते, "अय्या, मग तो भाऊजींना आहे!" हसून हसून दुधाची बादली लवंडणार होते.

२७ फेब्रुवारी

अंगावर काय तकाकी आलीय! माज मात्र नाही. मी गाईसाठी थांबलेय, की माझंच म्हणणं खरं ठरावं म्हणून? उत्तर आवडलं नाही.

१ मार्च

उद्या व्यापारी येतोय.

मी म्हटलं, आधी डॉक्टरांना तपासू द्या, आणि काय दोष असेल तो व्यापाऱ्याच्या कानावर घाला. यांनी कपाळाला हात लावला – "अगं, विकताना खोड कोण सांगतं?" मी सांगते! दुसऱ्याच्या दावणीला फसवणूक बांधून यायची नाही.

आणि सासूबाई चक्क माझ्या बाजूने! "बोलव रे डॉक्टरांना. नाहीतर ही वर्षभर कुढेल आणि ऐकून घ्यावं लागेल मला."

वैरण टाकताना महाराणीकडे बघायचं टाळलं.

२ मार्च

डॉक्टरांनी हातमोजा घालून तपासलं. मग हसायलाच लागले. "अहो ताई, माज येणार कुठून? गाभण आहे ही! चांगली साडेचार महिन्यांची!" म्हणे चढणारी नव्हे, खाली निमूट उभी राहते ती गाय माजावर असते. म्हणजे तेव्हा माजावर काळी होती! पूड चालू ठेवा म्हणाले, पोटातल्या वासराला लागेल.

व्यापाऱ्याने लगेच भाव वाढवला.

"नाही द्यायची," हे म्हणाले. मी तोंडही उघडलं नव्हतं.